पोट उघडण्याआधी

नेपोलियन बोनापार्ट ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर वारला, हे आम्ही इतिहासाचे शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. तो कशाने वारला हे मात्र वर्गात सहसा सांगितले जात नाही, कारण परीक्षेत तो प्रश्न येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा खासगी डॉक्टर आन्तोमार्की याने इंग्रज डॉक्टरांच्या समक्ष शवविच्छेदन केले. जठरात मोठा व्रण आढळला. जठराच्या भिंतीला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते आणि यकृत तेथे चिकटून बसल्यामुळे ते बुजले होते. नेपोलियनचे वडीलही १७८५ साली जठराच्याच गाठीने गेले होते. पुढे विषप्रयोगाचा वाद उठला, तो विषय निराळा. २००७ साली स्वित्झर्लंड व अमेरिकेतील संशोधकांनी शवविच्छेदनाच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या, आजच्या रोग्यांच्या चित्रांशी ताडून पाहिल्या आणि निष्कर्ष काढला, की हा जठराचा कर्करोगच होता आणि आजच्या मापाने किमान तिसऱ्या स्टेजचा होता.

म्हणजे ज्याच्या नावाने युरोप कापत होता, त्याच्या आजाराची स्टेज ठरली ती मरणानंतर एकशे शहाऐंशी वर्षांनी. जिवंतपणी ती ठरवण्याचे साधन तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. आज ते साधन परसवाड्याहून बालाघाट, गोंदिया करीत नागपूर गाठणाऱ्या शेतकऱ्याला मिळू शकते. ते कसे घडले आणि हाती आलेल्या साधनाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

वाचकहो, मी डॉक्टर नाही. इतिहासात एम. ए. केले आणि आयुष्य शाळेत गेले. पण आमच्यासारख्या गावात हेडमास्तर म्हणजे इंग्रजी वाचणारा माणूस. संध्याकाळी कोणी ना कोणी मोठा पिवळा लिफाफा घेऊन ओट्यावर येतो आणि म्हणतो, ‘‘गुरुजी, यात काय लिवलं हाये, पाहा जरा.’’ उपचार सांगणे माझे काम नव्हे आणि मी ते सांगतही नाही. परंतु शब्दाचा अर्थ सांगणे हे मास्तरचे काम आहेच, आणि या आजारात शब्दांचा घोळ फार आहे.

पोट, पेट आणि जठर

आपल्या घरात मराठी, शाळेच्या दप्तरात हिंदी आणि डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजी अशी तिहेरी वहिवाट आहे. मराठीत ‘पोट’ म्हटले, की बेंबीच्या वरचे-खालचे सगळे आले. हिंदीतल्या ‘पेट’चेही तेच. अन्न जेथे प्रथम उतरते त्या पिशवीला मराठीत जठर आणि हिंदीत आमाशय म्हणतात. पण हे दोन्ही शब्द विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर सहसा पडत नाहीत. त्यामुळे आतड्याचा, यकृताचा, स्वादुपिंडाचा, अंडाशयाचा असा कोणताही कर्करोग गावात ‘पोटाचा कॅन्सर’ होऊन बसतो. एकाला एक औषध लागू पडले म्हणून दुसऱ्यालाही पडेल, असे मग लोक धरून चालतात. हा लेख केवळ जठराच्या कर्करोगाबद्दल आहे. आपल्या देशात त्याचे प्रमाण मिझोरममध्ये सर्वांत अधिक आहे आणि चेन्नईकडेही बरेच आहे. महाराष्ट्रात त्या मानाने कमी. पण ज्या घरात तो येतो, त्या घराला प्रमाणाचे काय!

दुसरा शब्द ‘स्टेज’. झाडीपट्टीतल्या नाटकांमुळे हा शब्द आपल्याकडे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक आहे, पण तो मंचाच्या अर्थाने. डॉक्टरांच्या तोंडी स्टेज म्हणजे रोगाने किती मुलूख व्यापला त्याचा हिशेब. शत्रू वेशीवरच आहे, की गावात शिरला, की आसपासची गावेही त्याने घेतली, हे कळल्यावाचून कोणता सेनापती चाल करील? शस्त्रक्रियेच्या इतिहासात मात्र पुष्कळ वर्षे अशीच चाल केली गेली.

व्हिएन्नातील एक दिवस

जठराचा रोगट भाग कापून काढण्याचा प्रयत्न पॅरिसमध्ये पेआँ या सर्जनने १८७९ साली केला. त्याचा रोगी पाचव्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी पोलंडमधील रिडिगियर याचा रोगी बारा तासांत दगावला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ याने तेरेझा हेलर नावाच्या त्रेचाळीस वर्षांच्या बाईवर हीच शस्त्रक्रिया केली आणि ती जगली. तिला अन्न गिळता येऊ लागले, जखम भरली, जगभर गाजावाजा झाला. बिलरोथचे नाव आजही त्या शस्त्रक्रियेला आहे.

पाठ्यपुस्तकातली गोष्ट येथे संपते, पण तेरेझाची संपली नाही. चार महिन्यांच्या आतच ती वारली. टाके सुटले नाहीत, ताप आला नाही; रोग आत इतरत्र आधीच पसरलेला होता. बिलरोथच्या हाताला काही दोष देता येणार नाही. आत काय आहे हे पोट उघडल्याशिवाय पाहण्याची सोय त्याला नव्हती, आणि उघडल्यावरही सगळे दिसतेच असे नाही.

त्या काळी डॉक्टरांची बोटे हीच त्यांची नजर होती. बर्लिनच्या रुडॉल्फ विर्शो याने १८४८ सालीच लिहून ठेवले होते, की जठराच्या कर्करोगात कधीकधी मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या वर एक गाठ लागते. तेथे गाठ लागली की रोग दूर गेला असे समजावे. आजही चांगला डॉक्टर प्रथम मान चाचपून पाहतो, ती या जुन्या शहाणपणामुळे.

सावली, दुर्बीण आणि चकत्या

पुढची पायरी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी आली. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे राँटगेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने पत्नीच्या हाताचा फोटो घेतला; त्यात हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. पण हाड दिसले म्हणून जठर दिसत नाही, कारण ते मऊ मांसाचे. मग डॉक्टरांनी युक्ती काढली. जे किरणांना अडवते ते रोग्याला पाजायचे आणि त्याची सावली पाहायची. अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने १८९६ पासून जनावरांवर हे प्रयोग केले, म्युनिकच्या रीडरने १९०४ साली माणसांसाठी बिस्मथ मिसळलेले अन्न वापरले आणि १९१० पासून बेरियमचा पांढरा घोट रूढ झाला. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी तो खडूसारखा घोट घेतलाही असेल. त्यातून जठराच्या आतल्या कडेचा आकार कळतो. भिंतीत रोग किती खोल गेला आणि भिंतीबाहेर काय चालले आहे, हे सावली सांगत नाही.

दुसरी वाट तोंडातून आत पाहण्याची. १८६८ साली फ्रायबुर्गच्या कुसमाउल याने जठरात सरळ नळी घालून दाखवली, ती एका तलवार गिळणाऱ्या खेळ्याच्या घशातून! जत्रेतला खेळ विज्ञानाच्या कामी आला. पण साध्या माणसाला लोखंडी नळी कशी गिळवावी? काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंतून प्रकाश वळवून नेता येतो, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि इंग्लंडचे हॉपकिन्स यांनी १९५४ साली दाखवले. त्याच तत्त्वावर हिर्शोविट्झ याने १९५७ साली वळणारी दुर्बीण तयार केली. आज आपण जिला एंडोस्कोपी म्हणतो ती ही. तिने व्रण डोळ्यांनी दिसतो आणि तुकडा काढून तपासता येतो. कर्करोग आहे की नाही, हे तो तुकडाच ठरवतो. कोणताही फोटो ते अंतिमपणे ठरवत नाही. पण दुर्बिणीलाही दिसते ते भिंतीचे आतले तोंड. घराचा रंग उडालेला दिसला, म्हणून पाया किती खचला हे थोडेच कळते?

तिसरी वाट सीटी स्कॅनची. इंग्लंडात शेतावर वाढलेल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनियरने हे यंत्र बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या एका रुग्णालयात त्यावर पहिल्या रोग्याच्या डोक्याचे चित्र घेतले. १९७९ साली त्याला आणि ॲलन कॉर्मॅकला नोबेल मिळाले. काकडीच्या पातळ चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकती न्याहाळावी, तसे हे यंत्र सुरी न लावता शरीराच्या चकत्या दाखवते. यकृतात डाग आहेत का, जठराभोवतीच्या गाठी फुगल्या आहेत का, पोटात पाणी साठले आहे का, रोग स्वादुपिंडाला भिडला आहे का, हे त्यात पाहतात. तपासणीपूर्वी उपाशी ठेवतात, मग भरपूर पाणी किंवा औषध प्यायला देतात. लोक कुरकुरतात, पण त्यामागे कारण आहे. रिकामे जठर चुरगळलेल्या पिशवीसारखे असते. त्याची निरोगी भिंतही जाड दिसते. पिशवी फुगली की खरी जाडी कळते. शिरेतून दिलेल्या औषधाने रक्ताचे मार्ग व रोगट भाग उठून दिसतात. ते देण्यापूर्वी मूत्रपिंडे ठीक आहेत ना, हे रक्त तपासून पाहतात.

चौथे साधन १९८० च्या सुमारास आले. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे यंत्र बसवले. आतून भिंतीला टेकवून पाहिले, की जठराची भिंत पाच थरांत दिसते आणि रोग कोणत्या थरापर्यंत पोहोचला याचा अंदाज येतो.

आणि पेट स्कॅन! आमच्या हिंदी मुलखात हे नाव ऐकून सर्वांचा समज होतो, की हा ‘पेट’चा म्हणजे पोटाचा स्कॅन. तसे नाही, ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे आणि तो सगळ्या शरीराचा असतो. किंचित किरणोत्सारी केलेली साखर टोचतात आणि ती कोठे अधिक खर्च होते ते पाहतात. भारतात त्याची पहिली सोय २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. जठराच्या काही जातींचे कर्करोग ही साखर फारशी घेत नाहीत, म्हणून तो स्कॅन कोरा आला तरी रोग नाही असे होत नाही.

तीन अक्षरे

एवढी साधने आली, पण जो तो डॉक्टर आपापल्या शब्दांत लिहू लागला तर एकाचे दुसऱ्याला कसे कळावे? फ्रान्सच्या पिएर दनुआ याने १९४३ ते १९५२ या काळात एक सोपी लिपी बसवली. टी, एन आणि एम ही तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे. १९६८ साली तिची आंतरराष्ट्रीय पुस्तिका निघाली. आज परसवाड्याचा कागद टोकियोत वाचता येतो तो या लिपीमुळे.

जठरापुरता तिचा अर्थ असा. टी म्हणजे खोली: एकवर असेल तर रोग आतल्या अस्तरातच आहे, दोन म्हणजे स्नायूत उतरला, तीन म्हणजे बाहेरच्या आवरणाखाली पोहोचला, चार म्हणजे आवरण फोडले किंवा शेजारच्या अवयवात घुसला. एन म्हणजे आसपासच्या किती लसिकाग्रंथींत रोग गेला: एक-दोन, तीन ते सहा, की सात व त्याहून अधिक. एम म्हणजे दूर पसरला की नाही: यकृत, फुप्फुस, दूरच्या ग्रंथी किंवा पोटाचे आतले पातळ अस्तर. तिन्ही मिळून स्टेज बनते.

ऑपरेशनपूर्वीची स्टेज हा अंदाज असतो, हेही ध्यानात ठेवावे. मोठी दिसणारी गाठ आपल्या देशात क्षयाचीही असू शकते आणि लहान दिसणाऱ्या गाठीत कर्करोग दडलेला असू शकतो. ऑपरेशननंतर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून स्टेज पुन्हा लिहितात आणि ती कधीकधी बदलते. अशा वेळी डॉक्टरांनी फसवले, अशी ओरड होते, ती अज्ञानातून.

उघडले आणि शिवले

माझे थोरले मामा १९८३ साली या आजाराने गेले. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. त्यांना छोट्या लाईनीच्या गाडीने गोंदियाला आणि तेथून पुढे मोठ्या शहरात नेले. दोन एकर धानाचे शेत गहाण पडले. आमच्या टापूत सीटीचे यंत्र तेव्हा आलेले नव्हते. सर्जनने पोट उघडले तर आतल्या अस्तरावर सगळीकडे तांदळाच्या कणीसारखे दाणे दिसले. त्याने काही न काढता पोट पुन्हा शिवले आणि बाहेर येऊन हात जोडले. मामा अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत; उरलेल्या सात आठवड्यांपैकी पाच जखम भरण्यात गेले. त्या सर्जनचा मला कधी राग आला नाही. त्याच्याजवळ होते तेवढ्याने त्याने केले. ‘पोट उघडून परत शिवले’ हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत आहे.

हे दाणे आजही सीटीत पुष्कळदा दिसत नाहीत, इतके ते बारीक असतात. त्यासाठी बेंबीजवळ लहान छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहतात आणि पोट थोड्या पाण्याने धुऊन ते पाणी तपासतात. त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी निघाल्या, तर दाणे डोळ्यांना दिसले नाहीत तरी रोग पसरला असे मानतात. रोग भिंतीत खोल गेल्याची किंवा ग्रंथींत पोहोचल्याची शंका असेल, तेव्हा डॉक्टर हे सुचवतात. घरची मंडळी म्हणतात, ‘‘दुर्बिणीचं झालं, स्कॅन झाला, आता पुन्हा दुर्बीण कशाला? लुबाडायचे धंदे.’’ पहिली दुर्बीण जठराच्या आतून पाहते आणि ही बाहेरून. अर्ध्या बोटाच्या छिद्राने जे कळते, त्यासाठी मामांचे पोट वीतभर कापावे लागले होते.

क्रम बदलला

आणखी एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. पूर्वी गाठ सापडली की कापा, हा नियम होता. २००६ साली इंग्लंडातून ५०३ रोग्यांच्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांना ऑपरेशनच्या आधी व नंतर केमोथेरपी दिली, त्यांतले शंभरी ३६ जण पाच वर्षे जगले. ज्यांचे केवळ ऑपरेशन केले, त्यांतले २३. २०१९ साली जर्मनीतील ७१६ रोग्यांच्या अभ्यासात नव्या औषधांच्या मिश्रणाने याहूनही चांगला निकाल दिला. तेव्हापासून मध्यम स्टेजच्या रोगात पुष्कळ ठिकाणी आधी औषध, मग शस्त्र, मग पुन्हा औषध असा क्रम ठेवतात. अगदी वरवरचा रोग असेल तर दुर्बिणीतूनच तो खरवडून काढता येतो आणि पोट कापावेच लागत नाही. रोग दूर पसरला असेल तर जठर काढून आयुष्य सहसा वाढत नाही. तेथे औषधाने रोग आवरणे आणि माणसाला खाता-पिता ठेवणे हे खरे काम. रक्त थांबत नसेल किंवा अन्नाची वाट बंद झाली असेल, तर मात्र स्टेज काही असली तरी तातडीने उपाय करावा लागतो.

म्हणजे वाटा तीन आणि फाटा एकच. त्या फाट्यावरची पाटी म्हणजे स्टेज. पाटी वाचायला आठ-पंधरा दिवस गेले तर ते वाया गेले असे कसे म्हणावे?

आपली वाट नागपूरची

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. मग ती भोपाळला गेली. पण आपल्या आजारपणाची वाट नागपूरचीच राहिली. १९४७ साली सुरू झालेले तेथील मेडिकल, तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय, आता जामठ्याची संस्था, ही नावे आमच्याकडे कचेरीच्या नावांपेक्षा परिचयाची आहेत. काहीजण थेट परळला टाटा रुग्णालयात जातात. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

सीमेवरच्या माणसाने एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. महात्मा फुले योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. बालाघाटच्या पत्त्यावर तिचा लाभ मिळत नाही. परंतु २०१८ साली सुरू झालेले आयुष्मान कार्ड राज्याच्या सीमेपलीकडेही चालते, मात्र ते रुग्णालय त्या योजनेत असावे लागते. निघण्यापूर्वी फोन करून विचारावे, आणि ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचा खर्च त्यात कसा धरतात, तेही विचारावे. बालाघाट किंवा गोंदियात स्कॅन झाला असेल तर कागदाबरोबर त्याची सीडी जपून न्यावी. नुसता कागद नेला तर पुढचा डॉक्टर पुष्कळदा तीच तपासणी पुन्हा सांगतो, कारण त्याला चित्र स्वतः पाहायचे असते.

सहीचा कागद पुढे आला, की आपली माणसे विचारतात, ‘‘खर्च किती?’’ तो प्रश्न योग्यच आहे. पण त्याच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. रोग भिंतीत किती खोल गेला? ग्रंथींत गेला का? दूर पसरला का? आणि मग चौथा: हे कळल्यावर आधी औषध की आधी ऑपरेशन, आणि ऑपरेशन कशासाठी, रोग काढण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? हे मराठीत विचारावे, हिंदीत विचारावे, पण उत्तर समजेपर्यंत विचारावे. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि जो आजारी आहे, त्यालाही त्या खोलीत बसवावे. आपल्याकडे त्याला बाहेर बाकावर ठेवून मुलगा आणि जावई आत जातात.

तेरेझा हेलरला हे प्रश्न विचारता आले नाहीत, कारण उत्तर देऊ शकेल असा माणूसच तेव्हा जगात नव्हता. सव्वाशेहून अधिक वर्षे माणसे खपली तेव्हा ही उत्तरे मिळू लागली आहेत. ती विचारून घेणे एवढे काम आता आपल्याकडे राहिले आहे. ज्यांना गरज पडली त्यांनी लिफाफा घेऊन अवश्य यावे. संध्याकाळी पाचनंतर मी ओट्यावरच असतो.